बीगल, चौदा किलो फक्त

मापसाहेबांच्या घरी कुत्रा आला तो करार करून आला. करार चार पानी होता, दोन प्रतींत होता आणि प्रत्येक पानाच्या तळाशी साहेबांची सही होती. लग्नाच्या वेळी त्यांनी एकच सही केली होती, तीही न वाचता. हा करार मात्र त्यांनी तीन वेळा वाचला, दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवले आणि सातव्या कलमापाशी येऊन गालातल्या गालात हसले.

सातवं कलम असं होतं: कुत्रा तीन महिन्यांच्या बोलीवर दिला जात आहे. मुदत संपेल त्या दिवशी कुत्र्यांच्या आश्रमाच्या बाई घरी येऊन त्याचं वजन करतील. ते चौदा किलो किंवा त्याहून कमी भरलं तर कुत्रा तुमचा. त्याहून जराही जास्त भरलं तर कुत्रा आश्रमाचा, आणि त्यापुढे तो कुणालाच दिला जाणार नाही.

"जात गुणाची आहे," आश्रमाच्या बाई म्हणाल्या होत्या. "बीगल लेकराला चावायचा नाही, पाहुण्याच्या अंगावर जायचा नाही. चोर आला तर त्याला घरभर हिंडवून कपाट दाखवेल. घरात ठेवायला याच्यासारखा कुत्रा नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा, नाक आणि पोट. नाक नेईल तिकडे हा जातो आणि पोट भरलं हे याला कधी कळतच नाही. आधीच्या दोन घरांनी मायेनं चारून चारून याची पाठ मोडायला आणली. आता सोळा किलोवर आहे. दोन किलो उतरले पाहिजेत."

"बाई," साहेब पेनाचं टोपण लावत म्हणाले, "वजन हा विषय तुम्ही माझ्यावर सोडा."

हे बोलायचा त्यांना अधिकार होता. एकतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. बाजारात त्यांची छत्री दिसली की तराजू आपोआप सरळ होत. मेहुण्याच्या दुकानातला काटा तीस ग्रॅम चोरतो म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हातानं सील केला होता, तेव्हापासून मेहुण्यानं या घरची पायरी चढणं सोडलं होतं. अशा माणसाला कुणी कुत्र्याच्या वजनाची अट घालावी म्हणजे माशाला पोहायची अट घालण्यासारखं होतं. निदान त्या दिवशी तरी साहेबांना तसं वाटलं.

कुत्र्याचं नाव लेकीनं ठेवलं, कानू. कारण जवळून पाहिलं तर तो निम्माअधिक कानच होता. कान मऊ, लांब, चालताना जमीन झाडणारे. लेक नऊ वर्षांची, बोलण्यात बापापेक्षाही काटकसरी. शाळेतून आली की ती दप्तर टाकायची आणि कानूचा एक कान हातात घेऊन बसायची. दिवसभरात जे काही झालं असेल ते त्या कानात सांगायची, आणि सांगून झालं की कान खाली ठेवायची, फोन ठेवावा तसा.

आता कुत्रा म्हटला की परवाना आला. परवान्याच्या खिडकीतल्या कारकुनानं अर्ज पाहिला आणि 'रंग' या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं काळा, पांढरा, तांबडा असं लिहिलंय."

"तिन्ही आहेत. पाठ काळी, पाय पांढरे, डोकं तांबडं. बीगल असाच असतो."

"रकाना एक आहे. एक रंग लिहा."

"एक लिहिला तर माहिती खोटी होईल."

"मग तीन अर्ज करा," कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

दुसरा कुणी असता तर त्यानं 'काळा' लिहून घरचा रस्ता धरला असता. साहेबांनी तीन अर्ज केले. पंधरा दिवसांनी तीन पितळी बिल्ले आले आणि बिल्ल्यांच्या पाठोपाठ नोटीस आली की, एका घरात दोनाहून अधिक कुत्रे ठेवता येत नाहीत, सबब तिसऱ्याबद्दल खुलासा करावा. साहेबांनी खुलासा पाठवला की, तिसरा कुत्रा पहिल्या दोघांतच सामावलेला असून तो वेगळी जागा व्यापत नाही. या खुलाशाला आजतागायत उत्तर आलेलं नाही. कानू मात्र तेव्हापासून तीन बिल्ले गळ्यात घालून, किल्ल्यांच्या जुडग्यासारखा वाजत जिन्यावरून ये-जा करू लागला.

त्या वाजण्यानं इमारत जागी झाली. इमारत तीन मजल्यांची, वर साहेब. तळमजल्यावर संगीतमास्तर, पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई, दुसऱ्यावर टपालआजी, म्हणजे टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. तिघांनीही आठवड्याभरात आपापल्या परीनं नाराजी नोंदवली. टपालआजींनी तक्रार टपालानं पाठवली, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, पोचपावतीसह. डॉक्टरीणबाई जिन्यात साहेबांना अडवून म्हणाल्या, "असा कुत्रा ठेवायचा तर त्याचे दात रोज घासावे लागतात. आधी स्वतःचे घासायला शिका, मग त्याचे. तुमची डावी दाढ मी दोन वर्षं बघतेय." आणि संगीतमास्तर तर रहिवाशांच्या सभेत उभेच राहिले.

"हा कुत्रा भुंकत नाही," ते म्हणाले. "भुंकला असता तर मी सहन केलं असतं. हा गळा काढतो. मी सकाळी पेटीवर स्वर धरला की वरून हा धरतो. काल त्यानं कोमल गंधार असा लावला की माझ्या शिष्यांना दोन वर्षांत लागलेला नाही. मी शिकवायचं कसं?"

साहेबांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. एकतीस वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती, केली असेल तर दुकानदारांनी, आणि ती ते पदकासारखी मिरवत. आता त्यांनी मनाशी ठरवलं की बोलणाऱ्यांना बोलू द्यावं, आपण काट्याकडे बघावं.

काटा म्हणजे घरचा, न्हाणीघरातला, माणसांचा. कचेरीतला चांगला काटा वापरता आला असता, पण सरकारी काट्यावर खाजगी कुत्रा तोलणं साहेबांच्या तत्त्वात बसत नव्हतं. कानू एकटा काट्यावर उभा राहीना, तेव्हा रीत अशी ठरली की साहेबांनी त्याला उचलून उभं राहायचं आणि एकूण आकड्यातून साहेब वजा करायचे. साहेबांचं वजन पहिल्याच दिवशी घेतलं होतं, एकाहत्तर किलो चारशे. ते तक्त्याच्या डोक्यावर तांबड्या शाईनं लिहिलं होतं. बिल्ल्यांचे एकोणसाठ ग्रॅमही वजा होत. कानूचा खुराक चिमटीनं मोजला जाई, सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी, वर उकडलेल्या गाजराचे सहा काप. सातवा काप पडला तर परत घेतला जाई, आणि त्या वेळी कानू साहेबांकडे ज्या नजरेनं बघे ती नजर कुठल्याही दुकानदाराकडे नव्हती.

दीड महिना झाला आणि तक्ता सांगू लागला की कानू सोळा किलो आठशे झाला आहे.

साहेबांनी काटा उघडला, स्प्रिंग पुसली, पुन्हा बसवला. सोळा किलो आठशे. मग त्यांनी घरच्यांना समोर बसवलं आणि चोर कोण ते विचारलं.

साहेबांच्या पत्नी शिवणकाम करत. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्या थोड्या उशिरानं बोलल्या. "तुम्ही स्वतःला किती धरता?"

"एकाहत्तर चारशे."

"कधीचे?"

"पहिल्या दिवशीचे."

"अहो, गेल्याच आठवड्यात मी तुमच्या पँटची कंबर सोडली. दोन बोटं."

न्हाणीघरात गेलेले साहेब बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. कानू पंधरा किलो चारशे होता. तो सहाशे ग्रॅम उतरला होता आणि साहेब चौदाशे ग्रॅम चढले होते. ज्या माणसानं उभ्या बाजाराला रोज सकाळी काटा तपासायला लावला, त्यानं स्वतःला दीड महिना न तपासता वापरलं होतं. लेकीनं कानूचा कान उचलला आणि त्यात काहीतरी सांगितलं. कानूनं शेपूट हलवली. साहेबांनी तिकडे पाहायचं टाळलं.

पण दुःख एवढ्यावर थांबलं नाही. त्यानंतरचे तीन आठवडे कानू पंधरा किलोवर येऊन अडकला तो अडकलाच. वाटी तीच, गाजराचे काप सहाच, जिना रोज चार वेळा, तरी काटा हलेना. पत्नी शिवणाची फीत त्याच्या पोटाभोवती गुंडाळत आणि मशीनच्या तालावर गुणगुणत:

*मोजला गं घास, मोजली गं वाटी*
*कुणाची गं माया, कानूच्या या पोटी*

"गाणी कसली म्हणतेस," साहेब म्हणाले. "बावीस दिवस उरलेत."

"मी गाणं म्हणत नाही, मी विचारतेय," पत्नी म्हणाल्या.

हा प्रश्न साहेबांच्या डोक्यात घुसला. निरीक्षकी डोकं जागं झालं. दुसऱ्या दिवशी फिरून आल्यावर त्यांनी जिन्याच्या तळाशी कानूचा पट्टा सोडला, बिल्ले रुमालात गुंडाळून खिशात घातले आणि स्वतः बूट हातात घेऊन, मोज्यांनी, एक वळण मागे ठेवून त्याच्या पाठोपाठ चढू लागले. दुकानांवर धाडी घालतानाही त्यांनी कधी बूट काढले नव्हते.

कानू तळमजल्यावर थांबला. संगीतमास्तरांच्या दाराशी बसला, उजवा पंजा उचलला आणि घशातल्या घशात एक स्वर लावला. दार उघडलं.

"आलास का रे," मास्तर म्हणाले. असा आवाज त्यांनी सभेत काढला असता तर साहेबांनी ओळखला नसता. "बस. आज एकच. काल दोन झाली." एक बिस्किट तुटल्याचा आवाज आला.

पहिल्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंनी कानूचा ओठ उचलून दात पाहिले, शाबासकी दिली आणि चीजचा तुकडा दिला. दुसऱ्या मजल्यावर टपालआजींनी दार उघडायच्या आधीच म्हटलं, "थांब, सोलतेय." आणि उकडलेलं अंडं त्याच्यापुढे धरलं, बलक काढून, कारण बलक जड पडतो.

साहेब जिन्याच्या वळणावरून पुढे आले, मोज्यांवर, हातात बूट.

आजी एकदा बुटांकडे आणि एकदा साहेबांकडे बघत म्हणाल्या, "तुमच्याकडे काय, हल्ली पायांचंही वजन होतं का?"

त्या संध्याकाळी साहेबांनी तिघांनाही वर बोलावलं. तक्ता भिंतीवर लावला, सातवं कलम वाचून दाखवलं. चौदावर आला नाही तर कानू जाणार आणि मग त्याला कुणाचंच घर मिळणार नाही, हे त्यांनी इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं की ऐकणाऱ्यांच्याच घशाला कोरड पडली.

"मला काय ठाऊक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं तुम्ही त्याला उपाशी मारता. त्याची नजर तशी आहे हो."

"त्याची नजर जेवून उठल्यावरही तशीच असते," साहेब म्हणाले. "ती नजर म्हणजे खोटं माप आहे."

संगीतमास्तर पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. "तक्रार मी केली खरी," ते म्हणाले. "पण माझं शेवटपर्यंत कोण ऐकतं? शिष्य घड्याळाकडे बघतात. हा बसतो."

मग टपालआजींनी पदर सावरला आणि शपथ घेतली, त्यांच्यामागून बाकीच्यांनी. बिस्किट बंद, चीज बंद, अंडं बंद. साहेब समाधानानं तक्ता गुंडाळू लागले, तेवढ्यात पत्नी म्हणाल्या, "आणि सकाळच्या चहाच्या वेळचं?"

साहेबांचे हात थांबले.

"अर्धं बिस्किट असतं," ते म्हणाले. "चार ग्रॅम. ते तक्त्यात घेतलं नाही, कारण तो खुराक नाही. मी चहा पिताना तो समोर बसतो, मी खात असतो, मग माणुसकी म्हणून..."

"रोज?"

"दोन वेळा."

"आणि रविवारी?"

"रविवारी पेपर जाड असतो," साहेब म्हणाले.

तिन्ही शेजारी एकमेकांकडे पाहत होते. मेहुणा तिथे असता तर त्याला एकतीस वर्षांचं व्याज मिळालं असतं. त्या घटकेपासून साहेबांनी चहा उभ्यानं, खिडकीकडे तोंड करून प्यायला सुरुवात केली. पाठीमागे कानू बसलेला असे. पाठीला ती नजर लागते हे त्यांना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

इमारतीनं शब्द पाळला. मास्तर बिस्किटाऐवजी त्याला एक तान जास्त ऐकवू लागले. डॉक्टरीणबाई नुसतेच दात बघत. टपालआजींनी त्याला जिना चढवायचं काम अंगावर घेतलं. त्या वर उभ्या राहून रिकामं पाकीट दाखवत, तो धापा टाकत वर येई, पाकीट हुंगे, फसवणूक ओळखे आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. काटा हलला. चौदा सातशे. चौदा चारशे. मुदतीच्या आदल्या दिवशी घरचा काटा चौदाच्या रेघेवर बसला, आणि रेघेच्या कुठल्या बाजूला ते सांगायला तयार होईना.

आश्रमाच्या बाई ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला आल्या. सकाळपासून कानूला कुणी नजरेआड केलं नव्हतं. नाक त्याला कुठे नेईल आणि तो काय गिळून येईल या भीतीनं त्याला घरातच कोंडून ठेवलं होतं. शेजारी दारात उभे होते. लेक कोपऱ्यात, भिंतीला टेकून. बाईंनी पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला, दाराच्या वरच्या कडीला अडकवला, त्याला कापडी झोळी लावली आणि बिल्ले काढून कानूला तीत ठेवलं. चार पाय झोळीच्या चार भोकांतून खाली लोंबू लागले. काटा थरथरला, फिरला, थांबला.

"तेरा किलो नऊशे," बाई म्हणाल्या.

दारातून एक मोठा श्वास सुटला. टपालआजींनी मास्तरांचा हात धरला. पत्नींनी ओठांतली टाचणी काढून पिनकुशनला टोचली. लेक हसली, आवाज न करता. बाईंनी कानूला खाली उतरवलं आणि करारावर लिहिण्यासाठी पेन काढलं.

साहेब मात्र रिकाम्या झोळीकडे पाहत होते. बघायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं. पडद्याकडे पाहिलं, लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो चेहरा पाहून तर ते फार घाबरले. पण एकतीस वर्षं ज्या डोळ्यांनी एकच काम केलं ते डोळे पुन्हा काट्याकडे गेले. झोळी रिकामी होती आणि काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या दोन रेघा अलीकडे होता.

"बाई," साहेब म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "तुमचा काटा दोनशे ग्रॅम कमी दाखवतो."

टपालआजींनी मास्तरांचा हात सोडला.

"अहो," पत्नी इतकंच म्हणाल्या, पण त्या एका शब्दात त्यांचा सगळा संसार होता.

बाईंनी काटा जवळून पाहिला. बाजूचा खिळा फिरवून तो शून्यावर आणला. कानू पुन्हा झोळीत गेला. काटा फिरला, थांबला. चौदा किलो शंभर.

बाईंनी पेन टेकवलं आणि उचललं. "मी नियम मोडला तर उद्या दुसऱ्या घरालाही मोडून द्यावा लागेल," त्या हळूच म्हणाल्या.

"मोडू नका," साहेब म्हणाले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या की डाव्या दाढेचं आता काही खरं नव्हतं.

तेव्हा लेक भिंतीपासून सुटली. कुणाकडे न बघता तिनं पट्टा घेतला. "बाबा, मी त्याला खाली नेऊ का? त्याला लागलीय. सकाळपासून."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी सातवं कलम पुन्हा वाचलं. मग साहेबांकडे वळल्या. "तुमच्या खात्यात काय रीत आहे, साहेब? भरलेला माल तोलतात की रिकामा?"

साहेब ताठ झाले. "आतलं पाणी मालात धरत नाहीत," ते म्हणाले. "निथळून घेतात. तसा नियमच आहे."

मग सगळी इमारत खाली उतरली. पुढे कानू, मागे लेक, तिच्यामागे बाई कराराची प्रत घेऊन, साहेब, पत्नी, आजी, डॉक्टरीणबाई, शेवटी मास्तर. फाटकापाशी सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले आणि कानूकडे बघू लागले. कानूनं त्यांच्याकडे पाहिलं. इतके प्रेक्षक त्याला कधी मिळाले नव्हते. त्याला हुक्की आली. त्यानं कुंपण हुंगलं, कुंपणाची सावली हुंगली, दगड, झाकण, मास्तरांचा जोडा, पुन्हा कुंपण. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"बघू नका रे त्याच्याकडे," टपालआजी म्हणाल्या. "तुम्हाला जमेल का असं?"

सगळ्यांनी पाठ फिरवली. एवढी मोठी माणसं भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी, ओळीनं उभी. मास्तरांनी अगदी हलकेच, कुणाला ऐकू येईल न येईल असा, एक लांब स्वर धरला. थोड्या वेळानं मागून बारीक आवाज आला, धार पत्र्यावर पडावी तसा. लेकीनं तोंडावर हात धरला. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजले. एकोणचाळीस झाले.

वळून पाहिलं तेव्हा कानू आश्रमाच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी उभा होता. गाडीच्या दारात, त्याला परत न्यायला आणलेला पिंजरा उघडा होता.

"गाडी धुऊन देऊ," पत्नी म्हणाल्या.

"राहू द्या," बाई म्हणाल्या आणि तिथेच फाटकाच्या कडीला काटा लावला. शून्य तपासायला त्यांनी साहेबांना पुढे बोलावलं. साहेबांनी तपासलं, दोनदा. कानू झोळीत बसला. काटा फिरला आणि तेरा किलो आठशेपन्नासवर जाऊन असा निश्चल थांबला, जणू त्यालाच तिथे राहायचं होतं.

बाईंनी लिहिलं, खाली सही केली. साहेबांनी वाचलं आणि खाकरले. "आकड्यापुढे कंसात, पाणी वगळून असं टाकलं तर..."

"तुम्ही आता एक शब्द बोलायचा नाही," पत्नी म्हणाल्या.

साहेबांनी झोळीतून कानूला काढलं, दोन्ही हातांत उचललं आणि तिन्ही मजले स्वतः चढले, पाठ दुखत होती तरी. लेक मागून येत होती, पट्ट्याचं टोक धरून. दुसऱ्या मजल्यावर दम खायला ते थांबले. तो मऊ, लांब, तांबडा कान त्यांच्या तोंडाशीच आला होता. लेक बघते आहे हे ठाऊक असूनही साहेबांनी तो उचलला.

"तेरा आठशेपन्नास," ते त्या कानात म्हणाले. "यातला एक ग्रॅमसुद्धा आता कुणाला परत द्यायचा नाही."